झोप, घालमेल आणि उदासी : वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे नागपुरातून झोपेविषयी बरीच पत्रं आली. त्यातलं एकही पत्र नुसतं झोपेविषयी नव्हतं. कुणी जाग्रणाबरोबर चिडचिड लिहिली होती, कुणी छातीतली धडधड, कुणी 'कशातच मन लागत नाही' एवढंच. म्हणून या वेळी ही पत्रं एकत्र घेतली आहेत. उत्तरं मनोविकारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांनी मिळून दिली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. वय ४१. रात्री दहाला दिवा मालवून पडते. डोळे मिटले की डोक्यात गिरणी सुरू होते : मुलाची फी, सासूबाईंचं ऑपरेशन, तपासायचा पेपरांचा गठ्ठा. झोप लागेपर्यंत साडेबारा होतात. तीनला पुन्हा जाग येते, अर्धा तास जातो. सहाला उठावंच लागतं. दिवसभर वर्गात ओरडते आणि मग स्वतःचाच राग येतो. घरचे म्हणतात, विचार करू नकोस, झोप येईल. चिंतेमुळे झोप गेली, की झोप गेली म्हणून चिंता वाढली? (मानेवाडा)

उत्तर : दोन्ही खरं आहे, आणि तुमच्या पत्रातच ते दिसतं. रात्रीच्या गिरणीने झोप खाल्ली, कमी झोपेने वर्गातला तोल गेला, त्या ओरडण्याची बोच रात्री पुन्हा गिरणीत पडली.

मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग आहे. धोका जाणवला की तो घंटा वाजवतो. ती ऐकून खरंच धावायचं आहे की नुसतं भांडं पडलं, हे कपाळामागचा भाग ठरवतो. २००७ मध्ये झोपेचे संशोधक मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांना रात्रभर जागं ठेवून त्रासदायक चित्रं दाखवली. नीट झोपलेल्यांच्या तुलनेत त्यांच्या अमिग्डलाची प्रतिक्रिया सुमारे ६० टक्क्यांनी जास्त होती आणि कपाळामागच्या भागाशी तिचा दुवा सैल पडला होता. घंटा मोठी झाली आणि ती थांबवणारा हात दुबळा झाला. वर्गात तुमचं जे होतं ते स्वभावाचा दोष नाही, हे आधी मनावर घ्या.

दुसरी बाजूही पक्की आहे. २०११ मध्ये अनेक दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा नैराश्य नसलेल्या पण निद्रानाश असलेल्या माणसांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता नीट झोपणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघाली. म्हणून 'चिंता गेली की झोप येईलच' असं म्हणत थांबून राहणं आम्हाला पटत नाही. झोपेवर थेट काम करता येतं, आणि ते चिंतेच्या उपचाराबरोबर चालतं.

घरच्यांचा सल्ला प्रेमाचा आहे, पण उलटा पडतो. अमुक विचार करायचा नाही असं ठरवलं की तो येतो आहे का, यावर मनाला पहारा ठेवावा लागतो, आणि पहारेकरी झोपत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार न करायला सांगितलं, तर अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिलं.

आता करायचं काय ते. या उपचाराला निद्रानाशासाठीची सीबीटी म्हणतात, म्हणजे विचार आणि सवयी बदलून केलेला उपचार. आठवड्यात किमान तीन रात्री आणि किमान तीन महिने त्रास असेल तर तो जुनाट निद्रानाश; त्यावर प्रौढांमध्ये गोळीच्या आधी हा उपचार द्यावा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं.

पहिला आठवडा काही बदलू नका, फक्त लिहा. सकाळच्या चहाबरोबर पाच नोंदी : किती वाजता पडले, झोप अंदाजे कधी लागली, मध्ये एकूण किती वेळ जाग होती, शेवटची जाग कधी आली, अंथरूण कधी सोडलं. नोंद अंदाजानेच करायची. रात्री घड्याळ पाहणं बंद करा. 'दोन वाजले, आता चारच तास' हा हिशेबच माणसाला टक्क जागा करतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत आणि गजराचं साधं घड्याळ भिंतीकडे तोंड करून.

तुमच्या पत्रावरून आकडे मांडू. दहा ते सहा, म्हणजे अंथरुणात आठ तास. त्यातले तीन जागेपणी गेले, झोप पाच तासांची. पाच भागिले आठ म्हणजे झोपेचा टक्का ६२-६३. तो ८५च्या आसपास किंवा वर हवा. उरलेले तीन तास रोज तुम्ही त्याच गादीवर काळजी करता, आणि शरीर ते शिकतं : पाठ टेकली की काळजीची वेळ झाली. दिवाणावर बसल्या बसल्या पेंगणारी बाई पलंगावर जाताच लख्ख जागी होते, ती यामुळे.

म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून अंथरुणातला वेळच कमी करायचा. सरासरी झोप पाच तास, त्यात अर्धा तास मिळवा : रात्री साडेबारा ते सकाळी सहा. रविवारी, सुटीत, रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ सहाच. साडेपाच तासांच्या खाली जाऊ नका. आठवड्याची सरासरी ८५ टक्क्यांच्या वर गेली की पडण्याची वेळ १५ मिनिटांनी अलीकडे आणा, म्हणजे सव्वाबारा. ८० ते ८५ असेल तर तीच वेळ ठेवा. ८०च्या खाली असेल तर आधी तपासा, साडेनऊला टीव्हीसमोर डुलकी लागते आहे का. आमच्या पाहण्यात हिशेब बिघडवणारी सगळ्यात मोठी गोष्ट ती डुलकी आहे.

पडल्यावर अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही, किंवा त्याआधीच मन तापायला लागलं, तर उठा. मंद उजेडात असं काही करा ज्यात रस नाही आणि घाईही नाही : वाती वळा, कपड्यांच्या घड्या घाला, जुनं मासिक चाळा. पेंग आली की परत जा. थकवा आणि पेंग एक नव्हे, हे ओळखायला शिका. अंग मोडून येणं हा थकवा. पापण्या जड होणं, त्याच ओळीवर तीनदा येणं ही पेंग. नुसत्या थकव्यावर अंथरुणात जाऊ नका.

पहिला दीड आठवडा जड जातो, मध्येच सोडून द्यावंसं वाटतं. त्या दिवसांत गाडी लांब चालवू नका, दुपारी शाळेतून परतताना पेंग येत असेल तर दुचाकी नकोच. आणि एक ठाम इशारा : पूर्वी कधी उन्मादाचा (अतिउत्साहाच्या आजाराचा) झटका आला असेल, फिट्स येत असतील, झोपेत चालण्याची सवय असेल किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर वेळ कमी करण्याचा हा भाग स्वतःहून करू नका. झोप कमी झाल्याने उन्माद आणि फिट दोन्ही उसळू शकतात.

गिरणीचं काय करायचं, ते पुढच्या उत्तरात आहे. ते तुमच्यासाठीही आहे.

प्रश्न : वय ३६, खाजगी नोकरी. मी कुणावर चिडत नाही. साहेब बोलले तरी हसून घेतो, घरीही काही दाखवत नाही. लोक मला शांत समजतात. पण रात्री अंथरुणात पडलो की सगळं अंगावर येतं, जबडा आवळलेला असतो, छाती धडधडते. जेवणानंतर एक खर्रा (तंबाखू-सुपारी) लागतोच, त्यावाचून स्वस्थ वाटत नाही. भावना ताब्यात ठेवणं चांगलंच ना? (धरमपेठ)

उत्तर : तुम्ही भावना ताब्यात ठेवत नाही, चेहरा ताब्यात ठेवता. या दोन गोष्टींत फार अंतर आहे.

भावना कुठे कुठे हाताळता येते, हे मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये टप्प्याटप्प्याने मांडलं : प्रसंग निवडताना, प्रसंग बदलताना, लक्ष कुठे द्यायचं ते ठरवताना, घडलेल्याचा अर्थ लावताना, आणि अगदी शेवटी, भावना उसळल्यावर ती दिसू नये म्हणून. तुम्ही सगळी मेहनत शेवटच्या टप्प्यावर करता. त्यांच्या प्रयोगांत त्रासदायक चित्रफीत पाहताना चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका असं सांगितलेल्यांचा आतला त्रास कमी झाला नाही, शरीराचा ताण मात्र वाढला. तुमचा आवळलेला जबडा हेच सांगतो आहे. दिवसभर लोकांमुळे झाकण दाबलेलं राहतं; रात्री खोलीत कुणी नसतं, हाताला काम नसतं, आणि झाकण उडतं.

याचा अर्थ साहेबांवर ओरडा असा नाही. ओरडून मोकळं होण्याने राग पेटत राहतो. आधी भावनेला तिचं खरं नाव द्या. 'टेन्शन' हा शब्द आठ दिवस वापरूच नका. आपल्या भाषेत या बाबतीत केवढी श्रीमंती आहे! धाकधूक पुढे होणाऱ्या गोष्टीची असते, हुरहूर जवळ नसलेल्या माणसाची, खंत हातून राहून गेलेल्या गोष्टीची. चारचौघांत बोलणं खाल्लं तर माणूस ओशाळतो, आपल्या माणसाने दुर्लक्ष केलं तर हिरमुसतो, अन्याय झाला तर धुमसतो, आणि कुठेच निघता येत नसेल तर तगमग होते. ओशाळलेल्या माणसाला हवा असतो तो मान, धास्तावलेल्याला माहिती, हिरमुसलेल्याला जवळीक. नाव चुकलं की उपायही चुकतो. नुसतं नेमकं नाव दिल्यानेही अमिग्डलाची प्रतिक्रिया मंदावते, हे मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात दिसलं.

कागदावर असं लिहा : 'चारच्या मीटिंगमध्ये ओशाळलो. छातीत, दहापैकी सात. पळून जावंसं वाटलं.' तीन ओळी, त्याच दिवशी, शक्यतो दोन तासांच्या आत. मग अर्थाकडे वळा. 'सगळं छान होईल' असली वाक्यं नकोत, मन ती मानत नाही. प्रश्न विचारा : साहेबांनी नेमके शब्द काय वापरले? त्यातला कामाविषयीचा भाग किती, माणसाविषयीचा किती? हाच प्रसंग मित्राने सांगितला असता तर मी काय म्हटलं असतं? सातचे पाच झाले तरी काम झालं. शून्यावर आणायच्या मागे लागलात तर तो पुन्हा दाबण्याचाच प्रकार होईल.

आता गिरणी. रोज संध्याकाळी साडेसहा-सातच्या सुमारास वीस मिनिटं काळजीसाठी राखून ठेवा. खुर्चीवर बसा, पलंगावर नव्हे. कागदाला मधोमध रेघ मारा. डावीकडे काळजी, उजवीकडे तिच्यावरची पुढची सगळ्यात लहान पायरी, वार आणि वेळेसकट : 'फी : शनिवारी अकराला ऑफिसात हप्त्यांचं विचारणं'. ज्यावर पायरीच नाही तिच्यापुढे लिहा, 'आज हातात नाही'. वीस मिनिटं झाली की कागद घडी घालून कपाटात. रात्री तीच काळजी आली तर तिला एवढंच सांगायचं : कपाटात आहेस, उद्या साडेसहाला. पहिले काही दिवस ती ऐकत नाही. दोनेक आठवड्यांनी ऐकू लागते, कारण दिलेली वेळ तुम्ही खरंच पाळता हे मनाला कळतं. त्या वेळेला चार दिवस दांडी मारलीत की सगळं मुळापासून.

घोळणं आणि उपाय शोधणं यांतला फरक असा ओळखा : घोळण्यात प्रश्न 'का' ने सुरू होतो (माझ्याच वाट्याला का?), शोधण्यात 'कसं' आणि 'कधी' ने. एकाच गोष्टीभोवती दोन फेऱ्या झाल्या आणि नवी पायरी सुचली नाही, तर ते घोळणं. चिंतेत ते पुढच्याबद्दल असतं, नैराश्यात बहुधा मागच्याबद्दल.

रात्री अकरा ते सकाळी सहा कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, कुणाला मेसेज पाठवायचा नाही, आपल्या आयुष्याचं मोजमाप करायचं नाही. अर्थ लावणारा भाग तेव्हा थकलेला असतो. त्या वेळी शरीराकडेच जा : चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटं. जबडा आधी पाच सेकंद घट्ट आवळा, मग सोडा. हे झोप येण्यासाठी करू नका. 'आता आली का झोप?' असं तपासलंत की श्वासाची परीक्षा होते. स्वस्थ पडायचं एवढंच ठरवा.

खर्ऱ्याविषयी स्पष्ट बोलू. तंबाखूतलं निकोटीन उत्तेजक आहे, हृदयाचे ठोके वाढवतं. त्याने येणारं स्वस्थपण हे बहुतांशी आधीच्या खर्ऱ्याचा अंमल उतरल्याने आलेली तगमग शमल्याचं असतं. तोंडाच्या कर्करोगाची भीती वेगळीच. रात्रीचा खर्रा आधी सोडा, मग दुपारचा. पहिले काही दिवस चिडचिड आणि जाग वाढेल हे धरूनच चला, आणि जमत नसेल तर तंबाखूमुक्ती केंद्राची मदत घ्या.

प्रश्न : सासरे ७१ वर्षांचे. सासूबाई जाऊन आठ महिने झाले. नऊला झोपतात आणि पहाटे साडेतीनला उठून अंधारात बसून राहतात. अंबाझरीला फिरायला जायचे ते बंद, हरिपाठ बंद. जेवण निम्म्यावर आलं आहे. विचारलं तर 'पोट साफ होत नाही' म्हणतात. वयामुळे असं होतं का? (प्रतापनगर)

उत्तर : ताई, नऊला झोपून साडेतीनला उठणं म्हणजे साडेसहा तासांची झोप. वय वाढलं की झोपेचं घड्याळ अलीकडे सरकतं, त्यामुळे नुसत्या पहाटेच्या जागेला आम्ही आजार म्हणणार नाही. पण पुढची वाक्यं काळजीची आहेत. ज्यात जीव रमायचा तेच सुटलं आहे, अन्न कमी झालं आहे, आणि त्रास शरीराच्या भाषेत बोलला जातो आहे. उतारवयातलं नैराश्य बरेचदा पोट, पाठ, अंगदुखी अशा रूपात येतं आणि घर पाचक चूर्णं आणत राहतं. पहाटे जड वाटून संध्याकाळी थोडं हलकं वाटत असेल तर संशय आणखी पक्का. दोन आठवड्यांहून जास्त काळ हे रोज चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवाच. त्यांच्या सांगण्यावरून हिमोग्लोबिन, थायरॉइड, ब१२ आणि साखर तपासून घ्या, कारण यांतलं काही बिघडलं तरी असंच दिसतं.

पत्नीच्या जाण्याचं दुःख हा आजार नाही. दुःख लाटांनी येतं, मधूनच नातवाशी बोलताना माणूस हसतो. नैराश्यात ती मोकळीक राहत नाही, आणि 'मीच तिच्याकडे लक्ष दिलं नाही', 'आता माझा काय उपयोग' अशी स्वतःवरची कुऱ्हाड सुरू होते.

घरी तुम्हाला करता येईल ते असं. नऊऐवजी साडेदहापर्यंत त्यांना जागं ठेवा. संध्याकाळी पाच ते साडेसहा बाहेरच्या उजेडात बसवा किंवा चालवा, त्याने घड्याळ पुढे सरकतं. 'फिरून या' म्हणू नका, 'माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चला' म्हणा. दहा मिनिटं पुरेत. इच्छा होईल तेव्हा करू, या वाटेने नैराश्य सुटत नाही. आधी कृती, मग हळूहळू इच्छा. सासूबाईंचा विषय टाळू नका, त्यांचं नाव घरात घेतलं जाऊ द्या.

झोपेवर काम करणं या वयात विशेष मोलाचं आहे. लॉस एंजेलिसमधल्या २०२१ च्या अभ्यासात साठीपुढच्या, निद्रानाश असलेल्या पण नैराश्य नसलेल्या २९१ जणांपैकी काहींना दोन महिने निद्रानाशाची सीबीटी दिली, बाकीच्यांना झोपेविषयी माहिती. पुढच्या तीन वर्षांत नैराश्य आलं ते अनुक्रमे सुमारे १२ आणि २६ टक्के लोकांना.

एक प्रश्न मुलाने किंवा तुम्ही त्यांना थेट विचारायलाच हवा : 'बाबा, जगू नये असं मनात येतं का?' विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' असेल तर त्यांना एकटं सोडू नका, कीटकनाशकं आणि गोळ्यांचे डबे कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

प्रश्न : वय ५२. सहा वर्षांपूर्वी घरात एक मृत्यू झाला तेव्हा अल्प्राझोलाम ०.५ ही घालमेल आणि झोपेसाठीची गोळी सुरू झाली. त्याच जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून घेते. गेल्या महिन्यात बंद करून पाहिली, तीन रात्री डोळा लागला नाही, हात थरथरले. मला आता कायमचाच आजार आहे का? (इतवारी)

उत्तर : त्या तीन रात्री जुना आजार परतला असं नव्हे, त्या गोळी एकदम तोडल्याच्या रात्री होत्या. मेंदू सहा वर्षं तिच्याशी जुळवून घेत होता. पुन्हा असं करू नका. या जातीच्या गोळ्या अचानक थांबवल्याने फिटसुद्धा येऊ शकते.

कमी करण्याचा बेत डॉक्टरांबरोबरच ठरवा. साधारण रीत अशी : एका वेळी मात्रेचा दहावा ते चौथा भाग कमी, प्रत्येक पायरीवर किमान दोन आठवडे, आणि शेवटच्या पायऱ्या सगळ्यात लहान. ०.२५ च्या अर्ध्या गोळीपर्यंत आल्यावर लोकांना घाई होते आणि तिथेच पाय घसरतो. अल्प्राझोलामचा अंमल लवकर उतरतो, म्हणून डॉक्टर कधी आधी जास्त वेळ टिकणारी गोळी देतात. प्रत्येक पायरीनंतर काही रात्री झोप बिघडेल, ती बसते. लग्नसराईत किंवा परीक्षेच्या घरात सुरुवात करू नका. दारू किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध याच्याबरोबर घेणं धोक्याचं आहे, श्वास मंदावतो. ही गोळी शेड्यूल एच-१ या औषधांच्या सरकारी यादीत आहे; दुकानदाराने चिठ्ठीची नोंद ठेवली पाहिजे आणि चिठ्ठीवाचून देता कामा नये.

एक गोष्ट हळुवारपणे सांगायची आहे. गोळी दुःखासाठी आली होती. नंतर धास्ती, राग, एकटेपण, ज्याला त्याला उत्तर म्हणून तीच येत राहिली असेल, तर मात्रा कमी होताना त्या भावना वर येतील. त्या काळात महिन्याला एक-दोन समुपदेशन भेटी असाव्यात. अधूनमधून रडू येईल, ते अपयश नाही.

प्रश्न : मी १७ वर्षांचा. नीटची तयारी. दोनपर्यंत मोबाइल, सातला क्लास, रविवारी अकराला उठतो. टेस्टच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो. आई म्हणते मोबाइलच काढून घेते. (नंदनवन)

उत्तर : तुझ्या वयात घड्याळ आपोआप उशिराकडे सरकतं, त्यामुळे दहाला झोप येत नाही म्हणजे तू आळशी नाहीस. पण तुला ८ ते १० तास लागतात आणि तू पाचावर चालवतो आहेस. वाचलेलं पक्कं होण्याचं मोठं काम झोपेतच होतं. रात्रीचे दोन तास वाढवून सकाळची उजळणी गमावणं तोट्याचं.

मोबाइलबद्दल आईशी आम्ही अर्धे सहमत आहोत. उजेड हे एक कारण झालं, पण रील्स तू कधी उघडतोस ते चार दिवस लिही. बहुधा एखादं गणित अडलं किंवा टेस्टची आठवण झाली की. म्हणजे तो भीतीपासून दूर पळण्याचा रस्ता आहे, आणि नुसता काढून घेतला तर भीती तिथेच राहील. अशा क्षणी वहीच्या कोपऱ्यात भावना आणि आकडा लिही, मग त्याच विषयाचं दहा मिनिटांचं सोपं काम कर. झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची कामं तपशिलाने कागदावर लिही. २०१८ च्या एका छोट्या प्रयोगात असं करणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली.

पडण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटं अलीकडे आण. रविवारी फार तर आठ, अकरा नाही. उठल्यावर लगेच गच्चीवर १५ मिनिटं उजेडात जा. टपरीवरचा चहा दुपारी चारनंतर नको. कॅफिनचा अर्धा भाग पाच तासांनीही अंगात असतो. पोटातला गोळा टेस्ट नसतानाही राहत असेल, किंवा स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर आईला आजच सांग.

प्रश्न : मे महिन्यात झोपच होत नाही आणि घरात सगळे एकमेकांवर खेकसतात. हेही मानसिकच का? (महाल)

उत्तर : हा बराचसा उन्हाचा मार आहे. झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं आणि ४५ अंशांच्या दिवसानंतर तापलेली भिंत ते उतरू देत नाही. झोपण्याच्या तास-दीड तास आधी कोमट पाण्याने आंघोळ करा; त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडतात आणि उष्णता बाहेर पडते. कूलरच्या समोरची खिडकी वीतभर उघडी हवीच, नाहीतर खोली नुसती दमट होते. पाऊस लागला की पंप बंद करून फक्त पंखा. गार दिवसांतही खेकसणं राहिलं तर पहिली दोन उत्तरं वाचा.

प्रश्न : नेमकं कधी आणि कुणाकडे जावं? मनोरुग्णालयात गेलं म्हणजे शिक्का बसेल अशी घरच्यांना भीती वाटते. (जरीपटका)

उत्तर : पीएचक्यू-९ (नैराश्यासाठी, ० ते २७) आणि जीएडी-७ (चिंतेसाठी, ० ते २१) या छोट्या प्रश्नावल्या मराठीतही आहेत. कुठल्याही एकीत १० किंवा जास्त गुण आले तर दाखवावं. पीएचक्यूच्या नवव्या, मरणाच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाला शून्याहून वेगळं उत्तर असेल तर बेरीज बघत बसू नका. मोठ्याने घोरणं आणि दिवसा पेंगणं एकत्र असेल तर झोपेतल्या श्वासाची तपासणी आधी. झोपेत श्वास अडकण्याचा विकार चिंता आणि नैराश्य दोन्हींचं सोंग घेतो.

मनोविकारतज्ज्ञ औषध लिहून देऊ शकतात, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि संवादातून उपचार करतात. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स इथे मनोविकार विभाग आहेत. मानकापूरजवळच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण तपासणी होते, दाखवायला गेलं म्हणजे भरती व्हावं लागत नाही. घराबाहेर पडणंच जमत नसेल तर टेली मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा, १४४१६ : सरकारी, मोफत, २४ तास, मराठीतून. तुमच्या आजाराची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दिला आहे, घरच्यांना हे वाचून दाखवा.

पहिल्या भेटीला दोन आठवड्यांची झोपेची नोंद, सुरू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या (आयुर्वेदिक आणि दुकानातून आणलेल्यासुद्धा), आणि रात्री तुमचं घोरणं ऐकणारं घरातलं एक माणूस बरोबर न्या.